पूर्वी स्टार

“पायलट होते?”

बाबा हवाई दलात होते म्हटलं की लोक हे विचारतातच. “नाही, फिटर,” असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पंगतीत जिलबी आपल्यापर्यंत येऊन संपल्यासारखा होतो. इतकी वर्षं हा प्रश्न मला विचारला जायचा. परवाच्या रविवारी तो बाबांच्या देखत, त्यांच्या डोक्यावरून मला विचारला गेला. तीन दिवस झाले, अजून उतरत नाहीये.

झालं असं की बाबांच्या शहात्तराव्या वाढदिवसाला मी नॅट या एका आसनाच्या लढाऊ विमानाचं मॉडेल करायचं ठरवलं. एकाहत्तरच्या युद्धात ते बंगालातल्या कलाईकुंडा तळावर नॅटचे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे मेकॅनिक होते. खरं विमानच पावणेनऊ मीटरचं, मॉडेलचं प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे बहात्तरानं भागलं की हातात येतं बारा सेंटिमीटर. म्हणजे आमच्या आमटीच्या पळीपेक्षा लहान. एवढ्याशा वस्तूत माणूस चार महिने कसा अडकू शकतो ते मला विचारा.

पहिलं किट आलं ते लालभडक, ब्रिटिशांच्या रेड ॲरोजचं, दोन आसनांचं. बाबांनी खोका बघितला आणि म्हणाले, “मागे कोण, तू बसणारेस?” दुसरं किट बरोबर आलं, तर नाकात वजन भरायचं मी विसरलो. पुढे एक चाक, मागे दोन. नाक हलकं राहिलं की ही विमानं शेपूट टेकून, तोंड वर करून बसतात. मग पोटाला भोक पाडून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे पुढे सारले. कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, सुपरग्लूनं चिकटवली, तर त्याची वाफ आत कोंडून काच पांढुरकी झाली. विमानाला मोतीबिंदू! बाबांचा मागच्याच वर्षी काढलाय, तेवढं एक साम्य जमलं.

तरी विमान उभं राहिलं. एका हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, तिथं ते ठेवलं, शेजारी चिठ्ठी ठेवली: ‘नॅट, १९७१. वडिलांच्या सेवेची आठवण.’ बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाजूच्या खुर्चीत बसले.

आणि मग ते गृहस्थ आले.

या जमातीला मी रिव्हेटमोजे म्हणतो. पायात घालायचे नव्हेत, रिव्हेट, म्हणजे विमानाच्या पत्र्यावरचे खिळे, मोजणारे. अंगात बारा खिशांचं जाकीट, गळ्यात दिवा लागणारं भिंग. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट वाकून भिंग विमानाच्या शेपटीला लावलं.

“हा नंबर कुठून आणलात?”

“बाबांना आठवत होता.”

“आठवत होता!” जादूटोण्यानं कावीळ उतरवली असं ऐकल्यावर डॉक्टर जसं म्हणेल, तसं म्हणाले. “बोयराचं का नाही केलंत? लोकांना बोयराचं आवडतं.”

आणि मला बोयराची हवाई लढाई सांगायला लागले. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध रीतसर सुरू व्हायला अजून अकरा दिवस, दमदमहून उडालेली आपली चार नॅट, समोर पाकिस्तानी सेबर विमानं, त्यातली दोन पाडली. सगळं खरं आहे, लहानपणापासून ऐकलंय. पण हे दोन्ही तळहातांची विमानं करून सांगत होते. डावा हात सेबर, उजवा नॅट. उजव्यानं डाव्याचा पाठलाग बाबांच्या नाकासमोरून दोनदा केला. बाबांनी मान मागे घेऊन वाट दिली.

“बाबा त्याच स्क्वाड्रनमध्ये होते,” मी म्हटलं. “बावीस.”

भिंग खाली आलं. “दमदमला होते?”

“नाही, कलाईकुंड्याला मागे राहिले होते.”

“अरेरे.” जणू बाबांची एसटी चुकली होती. “पायलट?”

“फिटर.”

“हं.” भिंग परत वर.

इथवरही मी गिळलं असतं. पण मग त्यांना हिरवा रंग खुपला. मोबाइलवर रंगांचा तक्ता काढला, त्यातले चौदा हिरवे एकेक करून माझ्या पंखावर धरले आणि निकाल दिला, “हा चुकलाय.”

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. “तो आम्हीच लावला होता. डबे आले, ब्रश आले, म्हणाले चकाकता पत्रा दिसता कामा नये. रात्रभर फासत होतो.”

मला वाटलं, झालं, आता हा माणूस खुर्ची ओढून बसणार. ज्यानं लावला तोच समोर आहे! तर म्हणतो, “काका, डबा कुठल्या कंपनीचा होता?”

“हिरवा होता,” बाबा म्हणाले.

“नाही, माझ्याकडे त्या वेळचे फोटो आहेत ना. ब्लॅक अँड व्हाइट. त्यातल्या टोनवरून कळतं.”

काळ्यापांढऱ्या फोटोतला हिरवा ओळखणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तो थांबला नाही. “आणि तुम्ही रात्री लावलात ना? मग तुम्हाला तो दिसला कसा?”

यावर बाबांनी काय करावं? उठले. गुडघे दुखतात तरी उठले, हात शिवणीला लावले आणि म्हणाले, “असेल सर. चूक असेल.”

सर! माझ्यापेक्षा लहान असलेल्या, विमानाच्या पोटाखाली एकदाही न शिरलेल्या माणसाला सर! त्या गृहस्थांनी मोठ्या मनानं माफही केलं. “होतं असं, काका,” म्हणाले आणि पुढच्या टेबलावरच्या रणगाड्याकडे वळले.

मला राग त्यांचा आला तेवढाच बाबांचाही आला. पन्नास वर्षं होऊन गेली, अजून कुणी ठाम आवाजात बोललं की हे सावधान! आणि खोक्याचाही आला. किटमध्ये एक इवलासा पायलट येतो, हेल्मेटसकट, बसलेला. फिटर येत नाही. वेगळा विकत घ्यावा तर मिळतात ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश नाहीतर जर्मन. त्यांना लोकरी कोटात कलाईकुंड्याच्या धावपट्टीवर उभं करू? नॅटला ‘सेबर स्लेयर’, सेबरचा कर्दनकाळ म्हणायचे, ठीकच आहे. पण ते भारी नाजूक प्रकृतीचंही होतं. तोफा अडकायच्या, हायड्रॉलिक्स रुसायचं. तोफा शस्त्रं सांभाळणाऱ्या आर्मररच्या वाट्याला, रुसवे बाबांच्या. ते काढणाऱ्याला कसला स्लेयर म्हणायचं, हे कुणी ठरवलं नाही. सरकारनं पूर्व आघाडीवरच्या सगळ्यांना ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक दिलं, ते बाबांनाही मिळालं. ते बटणांच्या डब्यात असतं. आई म्हणायची, “नावातच आहे, पूर्वी स्टार. आता जाऊन दूध आणा.”

घरी येताना मी रिक्षात त्या माणसाला जे जे बोलायला हवं होतं ते सगळं बोललो. बाबा मांडीवर मॉडेल घेऊन गप्प बसले होते. घरी पोचल्यावर चष्मा लावला, विमान उलटं केलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं.

“इथं तू काहीच केलं नाहीस.”

खरं होतं. पोट मी एका हातात, एका रंगात उरकलं होतं. कोण बघतंय? झाकणांच्या रेघा सँडपेपरनं पुसल्या गेल्या होत्या, छर्रे घातले त्या भोकाचं लिंपणही दिसत होतं.

“वरचा हिरवा कसला होता ते तो सांगेल तसं,” बाबा म्हणाले. “वर मी एक रात्र होतो. बाकी सगळं इथून बघितलंय. हे बघ, इथं एक झाकण होतं. त्याच्या बाजूनं तेलाचा ओघळ यायचा, मागे जायचा. कितीही पुसा.”

“केवढा ओघळ?”

त्यांनी नखानं दाखवला. दोन मिलिमीटर असेल.

काल रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तो ओघळ काढत होतो. पहिला फार जाड झाला म्हणून त्यांनी पुसायला लावला. दुसरा सरळ आला. म्हणाले, वाऱ्यानं जातो तो असा सरळ नसतो. चौथा पास झाला. आता विमान टीव्हीच्या कपाटावर उलटं ठेवलंय, चाकं वर करून. आज सकाळी शेजारचे पेपर मागायला आले, बघून हळहळले आणि बाबांना म्हणाले, “अरेरे, पडलं वाटतं?”