रविवारचा झाडू, गुरुवारचे डबे

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका परिपत्रकाचा फोटो आला. आमच्या बॅचचे पाच-सहा जण आता सातारा-सांगलीकडच्या निरनिराळ्या कॉलेजांत शिकवतात, त्यातल्याच एकाने टाकला होता. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दत्तक गावात स्वच्छता अभियान. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची उपस्थिती अनिवार्य. फोटो जीपीएस मॅप कॅमेऱ्यानेच (फोटोच्या खालीच ठिकाण छापणारं ॲप) काढावेत आणि बारा वाजेपर्यंत लिंकवर टाकावेत. खाली सही-शिक्का.

तिथून जी धुळवड सुरू झाली ती तीन दिवस थांबली नाही. "पगार शिकवायचा घेतो, झाडू मारायचा नाही." "रविवार तरी सोडा की राव." "नॅकची टीम येणारे कॉलेज तपासायला, मग गाव चकाचक." आणि शेवटी, मला उद्देशून, "तुझं बरंय बाई. तुमच्याकडे असले चाळे नसतील."

तो गुरुवार होता. मी इंग्लंडातल्या शेफिल्डच्या ट्रॅममध्ये बसून फूडबँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथे, डबे लावायला निघाले होते, तेही विद्यापीठाच्या रजेवर. डोकं फिरलं.

मी एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते. (शहरात दोन विद्यापीठं आहेत, माझं कुठलं ते राहू दे.) आम्हाला वर्षाला तीन दिवस स्वयंसेवेची भरपगारी रजा मिळते. अर्धे-अर्धे दिवस करून घेता येते. फॉर्म भरायचा, लाइन मॅनेजरने हो म्हणायचं, झालं. आमच्या फायनान्समधला एक जण प्राथमिक शाळेचा गव्हर्नर, म्हणजे तिच्या कारभारी मंडळावर आहे, संध्याकाळच्या बैठकांना जातो, शाळेचा हिशेब डोळ्यांत तेल घालून बघतो. केमिस्ट्रीतल्या एक बाई शनिवारी पार्करनला, म्हणजे बागेतल्या सामूहिक धावेला, चमकतं जॅकेट घालून वळणावर उभ्या असतात आणि दोन तास नुसत्या टाळ्या वाजवतात. आमचा पोर्टर नदीतून ट्रॉल्या काढतो. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या. डॉन नदीत त्या कुठून येतात, हे शेफिल्डला कधी कळलं नाही.

हे सगळं मी ट्रॅममध्ये बसून ग्रुपवर लिहिलं. लांबलचक, नेहमीप्रमाणे. वर हेही लिहिलं की १९९६ च्या इथल्या कायद्यात शाळेच्या गव्हर्नरला, मॅजिस्ट्रेटला कामावरून वाजवी वेळ सोडायची तरतूद आहे. तो वेळ भरपगारी असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हे मात्र लिहिलं नाही. आणि इथे प्राध्यापक आणि पोर्टर एका टेबलाशी उभे राहून कांदे चिरतात, आपल्याकडे "कर्मचाऱ्यांनी श्रमदान केले" म्हणजे शिपायांनी केलं आणि सरांनी फोटोत खराटा धरला, असा टोलाही हाणला.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. साताऱ्याच्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं जेवली आणि एकदा धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं, ही गोष्ट आम्ही पाचवीत असल्यापासून ऐकतोय. गावाने मुठीने भरलेली ही कॉलेजं. त्या गावात रविवारी दोन तास जायचं तर कपाळाला आठ्या!

या शहराचीही तीच कथा आहे, म्हणून इथे आल्यावर ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा अंगावर काटा आला होता. शेफिल्ड विद्यापीठासाठी १९०४ मध्ये वर्गणी काढली, तेव्हा पोलाद कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांनी एकेक पेनी दिली. ५० हजार पौंडांहून जास्त जमले. पुढच्या वर्षी सनद मिळाली. लोकांच्या पोरांना शिकायला मिळावं म्हणून लोकांनीच दिलेले पैसे. शहराचं देणं लागतो हे वाक्य इथे कुणी भाषणात म्हणालं तरी मला ते खोटं वाटत नाही, कारण मला ते आधी मराठीत ऐकू येतं.

मग मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं, ते टाकायला नको होतं. लिहिलं की १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये बार्नेट पतिपत्नींनी टॉयन्बी हॉल उघडला, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांनी गरीब वस्तीत येऊन राहावं म्हणून. आणि त्याच १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिथे गोपाळ कृष्ण गोखले महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवत राहिले. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि कॉलेज ते हिंगण्याचा विधवांचा आश्रम पायी तुडवायचे. त्यांना कुणी जिओटॅग मागितला होता का?

ग्रुपवर दहा मिनिटं शांतता. अंगठे आले, हात जोडलेले आले. मग एका मैत्रिणीचं उत्तर आलं. ही आमच्या वर्गात पहिली येणारी. सेट झालेली, पीएचडी झालेली, आणि तरी चौदा वर्षं तासिका तत्त्वावर, तासापुरते पैसे आणि दर जूनला नवी ऑर्डर. तिने लिहिलं:

"गोखल्यांना ७५ मिळायचे, पण दर महिन्याला मिळायचे ना गं?"

आणि खाली: "माझा रविवारचा तास धरत नाहीत. नाही गेले तर जूनमध्ये ऑर्डर नाही. तू लिहितेस ते छान आहे."

त्या "छान आहे" ने मला चार दिवस झोप आली नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. झोप आली. मी मनात उत्तरंही जुळवली. की प्रश्न सेवेचा नाही, भरतीचा आहे; ती जागा भरा, मग बोला. हे बरोबरच आहे. जागा भरत नाहीत, आणि मग नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याचे, म्हणजे गावात जाऊन केलेल्या कामाचे, गुण हवेत म्हणून त्याच माणसांना रविवारी उभं करतात. पण मी तर म्हणत होते की तुम्हाला कामाची लाज वाटते. तिला कामाची लाज वाटत नव्हती. तिला "नाही" म्हणायची सोय नव्हती, आणि मला तीन दिवसांची रजा होती.

फूडबँक एका चर्चच्या हॉलमध्ये भरते. तिथली मुख्य बाई सत्तरीच्या पुढची, नवरा पोलाद कारखान्यात होता, सगळ्यांना "लव्ह" म्हणते, बिशपलाही म्हणेल. माझं काम डब्यांच्या तारखा बघायचं. मार्करने झाकणावर महिना लिहायचा, जुना पुढे, नवा मागे. पास्ता, बेक्ड बीन्स, यूएचटी दूध. छोल्यांचे डबे कायम उरतात. पहिल्या वर्षी मी ते कसे करायचे याच्या चिठ्ठ्या लिहून डब्यांना रबरबँडने लावल्या होत्या. तिने त्या शांतपणे काढल्या आणि म्हणाली, "लव्ह, ज्यांच्याकडे गॅस-विजेच्या मीटरमध्ये भरायला पैसे नाहीत ते हे शिजवणार कशावर?" मी त्यानंतर चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत.

तर गेल्या जानेवारीत एका गुरुवारी रांगेत एक बाई उभी होती. आमच्याच मजल्यावर पहाटे पाचला येऊन सफाई करणारी. मी लवकर आले की आमची लिफ्टपाशी गाठ पडते, थंडीबद्दल बोलतो. हातात फूडबँकेचं व्हाउचर. मी तिला पाहिलं आणि पाठीमागच्या खोलीत गेले, डबे मोजायला. मोजायचे डबे नव्हते. वीस मिनिटं मी तिथे उभी होते. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी ती म्हणाली, आज जरा ऊन आहे. मी म्हटलं हो.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. आमच्या भरपगारी सेवेच्या रांगेत आमच्याच इमारतीतली माणसं उभी असतात, हे साताऱ्याला कळवून मला काय मिळणार होतं? "बघ, तुमच्याकडे पण" एवढंच. गेली एकोणीस वर्षं मी "तुमच्याकडे पण" हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून किती गोष्टी गिळल्यात, त्याचा हिशेब नाही.

गिळलेली आणखी एक. मोजमाप फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इथल्या विद्यापीठांच्या संशोधनाची परीक्षा होते, तिला रेफ म्हणतात. २०१४ पासून त्यात समाजावर काय परिणाम झाला याला गुण आहेत. तेव्हा २० टक्के, २०२१ ला २५. परीक्षा जवळ आली की आमचे मोठमोठे प्रोफेसर वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरच्या दारात उभे असतात. तुमच्यावर आमचा परिणाम झाला असं लेटरहेडवर लिहून द्या, म्हणून. जीपीएस कॅमेरा तेवढा नसतो.

आणि माझं स्वतःचं? १९९६ च्या डिसेंबरात माण तालुक्यातल्या एका गावात आमचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर होतं. शाळेच्या खोलीत सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत बंधाऱ्याचे दगड, दुपारनंतर कुणातरी पाहुण्यांचं बौद्धिक आणि त्यात हमखास डुलकी. रात्री पिठलं-भाकरी. गावातल्या बायका आमचे हात उलटे करून बघायच्या आणि फोड मोजून हसायच्या. एनएसएस १९६९ ला गांधी शताब्दीत ३७ विद्यापीठांत सुरू झालं, हे आम्ही पाठ केलेलं, कारण सर विचारायचे. वर्षाला १२० तास भरायचे असत. माझे साठ-सत्तर भरले असतील. सरांनी ओट्यावर बसून सगळ्यांच्या डायऱ्यांत एकाच पेनाने १२० लिहिलं. बंधारा पहिल्याच मोठ्या पावसात गेला म्हणे. तरी मला कुणी विचारलं की आयुष्यात कुठे मनापासून राबलीस, तर मी फूडबँक नाही सांगणार. ते सात दिवस सांगेन.

फूडबँकेत मी का जाते, हेही एकदा सांगूनच टाकते. सुरुवातीला गेले ती दयेपोटी नाही. इथे येऊन चार वर्षं झाली होती आणि ऑफिस सोडलं तर मला नावाने हाक मारणारं शहरात कुणी नव्हतं. लायब्ररीतले सगळे चांगलेच होते, "यू ऑलराइट?" म्हणून उत्तराची वाट न बघता पुढे जाणारे. फूडबँकेत मला चहाचा माझा असा मग मिळाला. त्या मगासाठी मी पंधरा वर्षं तारखा बघतेय.

या सगळ्यात परवा आणखी भर पडली. आमच्याकडे एक कोल्हापूरचा मुलगा आहे, आयटीत, व्हिसावर. मला ताई म्हणतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, इथल्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं की बाहेरून आलेल्यांना कायमचं राहायचं असेल तर समाजासाठी काही केल्याचं दाखवावं लागेल, स्वयंसेवा वगैरे. पाच वर्षांची वाट दहावर नेण्याचा प्रस्ताव तर आधीच आला होता. तेव्हापासून हा पोरगा दर गुरुवारी डब्यांपाशी हजर. चांगला आहे, वाकून काम करतो, म्हाताऱ्या बायकांना पिशव्या बसपर्यंत पोचवतो. परवा हळूच म्हणाला, "ताई, तासांचं एक पत्र मिळेल का? नियम काय येईल सांगता येत नाही, असलेलं बरं."

मुख्य बाईला संगणक आवडत नाही, म्हणून पत्रं मीच लिहिते. वही काढली. त्याचे ४१ तास भरत होते. त्याच्याकडे पाहिलं तर तो छोल्यांचे डबे उगाच सरळ करत होता. मला कागद घेऊन ओट्यावर बसलेले सर आठवले. मी १२० लिहिलं नाही, ४१ च लिहिलं. मात्र खाली दोन ओळी जास्त लिहिल्या, आणि त्या इतक्या गोड लिहिल्या की वाचताना माझी मलाच लाज वाटली.

त्या रविवारी ग्रुपवर अभियानाचे फोटो आले. शेवटी सगळे गेले होते. कुरकुरणाराही गेला होता, खराटा खांद्यावर बंदुकीसारखा धरून उभा होता. तासिकावाली मैत्रीण एका कडेला, पदर खोचून, खरोखर वाकलेली. तिचा चेहरा दिसत नव्हता. मागे ओढा. दत्तक गाव कुठलं ते परिपत्रकात पुसट होतं, मी नीट वाचलंच नव्हतं. फोटोच्या खालच्या पट्टीत, ज्या पट्टीची मी तीन दिवस टर उडवत होते, तिथे अक्षांश-रेखांश होते आणि गावाचं नाव होतं. खटाव तालुका. माझ्या आजोळच्या शेजारचं गाव. तो ओढा पुढे येरळा नदीला मिळतो. उन्हाळ्यात आम्ही तिथे वाळूत झरे उकरायचो.

आकडे नकाशात टाकले, वरून बघितलं. वडाचं झाड सापडलं. देऊळ सापडलं. ओढ्यावर एक पूल होता, काँक्रीटचा, तो मला माहीतच नव्हता.

ग्रुपवर विचारलं, पूल कधी झाला?

मैत्रिणीचं उत्तर रात्री उशिरा आलं. तिकडे पहाट झाली असणार. "झाला की. आठ-नऊ वर्षं झाली."