चालू प्रिंटर भंगारात का जावा?

नवा कॉम्प्युटर आला, जुना प्रिंटर जोडला आणि स्क्रीनवर ‘ड्रायव्हर उपलब्ध नाही’ असं दिसलं, की कुणीतरी हमखास सांगतं, "आता नवीन प्रिंटरच घेऊन टाका." हा सल्ला ऐकला की मला राग येतो. रोलर कागद नीट ओढतोय, टोनर मिळतोय, अक्षर स्वच्छ उमटतंय. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही. त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजेच ड्रायव्हर, नव्या सिस्टीमसाठी कुणी लिहिला नाही, एवढंच.

सगळेच जुने प्रिंटर असे अडत नाहीत. ज्यांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी, पान कसं छापायचं ते सांगणारी ठरलेली भाषा कळते, ते फार टिकतात. १९९२ चा एचपी कंपनीचा लेसरजेट ४ घ्या. त्याला पीसीएल ५ समजते, त्यामुळे त्याच्या नावाचा ड्रायव्हर मिळाला नाही तरी त्याच भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावून त्यावर पानं काढता येतात. खरी अडचण पुढे आलेल्या स्वस्त प्रिंटरांची. किंमत उतरवण्यासाठी त्यांच्यातला प्रोसेसर आणि मेमरी कमी केली आणि पान रचायचं काम कॉम्प्युटरवर ढकललं. यांना जीडीआय किंवा होस्ट-बेस्ड प्रिंटर म्हणतात. त्यांची भाषा कंपनीची खासगी, म्हणून ड्रायव्हर गेला की सगळंच अडलं. लेसरजेट १०२० मध्ये तर फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा त्याच्या आतला प्रोग्रॅमसुद्धा, कायम राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरनं ते पाठवायचं, मग तो कामाला लागतो.

त्यात जुन्या ३२ बिट आणि नव्या ६४ बिट सिस्टीमचा घोळ. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर हाच प्रकार पुन्हा होतो: इतर सॉफ्टवेअर भाषांतर होऊन चालतं, ड्रायव्हर मात्र खास एआरएमसाठीच लिहिलेला लागतो.

म्हणून प्रिंटर टाकून देण्याआधी त्याला कोणती भाषा कळते ते मॅन्युअलमध्ये बघा. पीसीएल ६, पीसीएल ५ किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलेलं असेल तर काम बहुतेक वेळा होतं. कंपनीचा युनिव्हर्सल, म्हणजे अनेक मॉडेलना चालणारा, ड्रायव्हर लावा. तो जमला नाही तर ‘ॲड प्रिंटर’मध्ये मॉडेल हातानं निवडून त्याच घराण्यातल्या जवळच्या मॉडेलचा ड्रायव्हर देऊन बघा. प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि एअरप्रिंट किंवा आयपीपी ही नेटवर्कवरून छपाईची सामायिक पद्धत जाणत असेल, तर वेगळ्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळा. तिथे छपाई सांभाळणारी कप्स ही प्रणाली १९९९ पासून आहे, आणि १०२० सारख्या प्रिंटरांसाठी स्वयंसेवकांनी त्यांची खासगी भाषा उलगडून फूटूझेडजेएस नावाचा ड्रायव्हर लिहिला. कंपनीची मदत नसताना, केवळ प्रिंटरकडे जाणारा डेटा वाचून अशी कामं झाली आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर कप्स टाकून जुना प्रिंटर त्याला जोडला, की घरातल्या नव्या मशीनना तो नेटवर्कवरचा आधुनिक प्रिंटर म्हणून दिसतो. पहिल्यांदा जोडणी करताना डोकं लावावं लागतं, हे खरं. पुढे मात्र तो निमूट चालतो.

सिस्टीम बनवणाऱ्यांची बाजू मला मान्य आहे. बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे सिस्टीमच्या आत परक्याचा कोड, आणि २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर या त्रुटीनं विंडोजची छपाई यंत्रणा किती धोक्याची ठरू शकते ते दाखवलं. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबेल आणि आयपीपीवर चालणाऱ्या सामायिक ड्रायव्हरला प्राधान्य मिळेल. याचा अर्थ जुने प्रिंटर एका दिवसात बंद पडतील असा नाही. बसवलेले ड्रायव्हर चालू राहतात, कंपनीचा स्वतःचा इन्स्टॉलरही वापरता येतो. दिशा योग्यच आहे. कप्सही जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर सोडायच्या वाटेवर आहे, पण तिथल्या लोकांनी जुन्या प्रिंटरांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाची सोय करून ठेवली. जुना ड्रायव्हर त्या प्रोग्रॅमच्या आत राहतो आणि सिस्टीमला बाहेरून आयपीपी प्रिंटर दिसतो. जुनं मोडायच्या आधी त्याची व्यवस्था लावणं म्हणतात ते हे.

माझं मागणं प्रिंटर बनवणाऱ्यांकडे आहे. ज्या दिवशी एखाद्या मॉडेलचा ड्रायव्हर बंद कराल, त्या दिवशी त्याच्या भाषेची कागदपत्रं खुली करा आणि फर्मवेअरची फाइल वाटायची परवानगी द्या. ज्या मॉडेलची विक्रीच थांबली आहे, त्याच्या भाषेत जपण्यासारखं गुपित ते काय उरतं? ड्रायव्हर लिहायला लोक तयार आहेत, हे त्यांनी आधीच दाखवून दिलंय.

आणि तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर तो फॉरमॅट करण्याआधी ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. कंपन्यांच्या साइटवरून जुन्या फाइली गुपचूप नाहीशा होतात, आणि मग भलत्याच साइटवरून ‘मोफत ड्रायव्हर’ उतरवताना व्हायरस घरात येतो.