तिसरा अंक

पूर्वी मी लॅपटॉपचं बटण दाबून दात घासायला जायचो आणि परत येईपर्यंत तो सुरू झालेला असायचा. हल्ली माझी अंघोळही उरकते, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच आहे. पंखा असा घोंघावतो की लेक आतून विचारते, "बाबा, मिक्सर लावलाय का?" शेवटी नवा घ्यायचं ठरलं. स्वस्तातला. माझ्या गरजा त्या काय? चार पत्रं, दोन हिशेबाचे तक्ते आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर "आवाज येतोय का?" असं ओरडणं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, रॅम ८ जीबीच्या खाली जाऊ नकोस, एसएसडी असू दे, आणि प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, तेवढा जरा बघून घे."

ते "जरा बघून घे" मला तीन आठवडे पुरलं.

महागडा लॅपटॉप घेणाऱ्याला हा ताप नसतो. सगळ्यात मोठा आकडा उचलायचा आणि घरी जायचं. खिसा हलका असला की डोकं जड करावं लागतं. मीही सुरुवातीला सरळमार्गी होतो. आकडा मोठा तो माल चांगला, असं समजून चाललो होतो. माझ्यापुढे एएमडी कंपनीचे दोन रायझन ५ प्रोसेसर होते, एक ५५००यू आणि दुसरा ७५२०यू. कुठला घ्यावा हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण ५५००ला सहा कोअर, म्हणजे आत राबणारे सहा गडी, आणि ७५२०ला चार! आकडा २०२०ने वाढला आणि कोअर दोनाने घटले. शाळेत असं गणित आलं असतं तर छपाईची चूक म्हणून मी पूर्ण गुण मागितले असते.

मग उलगडा झाला. ती संख्या नव्हतीच मुळी, ते शेजारीशेजारी उभे केलेले चार सुटे अंक होते. त्या ७०००च्या मालिकेत पहिला अंक साल सांगतो, ७ म्हणजे २०२३. दुसरा सांगतो दर्जा. आतलं खरं यंत्र कुठल्या पिढीचं, हे तिसऱ्या अंकात. पिढ्यांचं आडनाव झेन. तिथे ४ असेल तर झेन ४, ३ असेल तर झेन ३, आणि २ असेल तर झेन २, म्हणजे मूळ रचना २०१९ची. थोडक्यात, ७५२०मधला ७ हा नुकताच इस्त्री केलेला शर्ट आणि २ हे शर्टाच्या आतलं वय. नाटकातही उलगडा तिसऱ्या अंकातच होतो म्हणा. पण तिथे पहिला अंक बघून कुणी बिल करत नाही.

मला इतकी सवय जडली की लोकांनी फोन नंबर सांगितला तरी मी मनातल्या मनात तिसऱ्या अंकावर थांबायचो.

दुसऱ्या कंपनीच्या, इंटेलच्या बाजूला पेंटियम हे नाव तरी ओळखीचं भेटेल अशी आशा होती. हे नावही आकड्याच्या कटकटीतूनच जन्मलेलं. नुसत्या आकड्यावर मालकी सांगता येईना, म्हणून १९९३मध्ये ४८६च्या पुढच्या प्रोसेसरला ५८६च्या ऐवजी पेंटियम हे नाव आलं. ग्रीकमध्ये पेन्ते म्हणजे पाच. तीस वर्षांनी, २०२३मध्ये, लॅपटॉपवरून पेंटियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावं निवृत्त झाली आणि त्या जागी आलं 'इंटेल प्रोसेसर'. बारा लोकांनी डोकं खाजवून बाळाचं नाव 'बाळ' ठेवावं तसं. पुढे ओळखीला एन१००. म्हणजे फिरून आकडाच.

हा एन१०० मात्र मला मनापासून आवडला. चार कोअर, चौघेही काटकसरी, आणि नेमून दिलेली वीज ६ वॅट. न्हाणीघरातला दिवा ९ वॅटचा आहे. माझ्या चार पत्रांना हा निर्व्यसनी गडी पुरला असता. पण तीन आठवडे अभ्यास करून सगळ्यात साधा घ्यायचा, तर अभ्यास कशाला केला?

म्हणून नजर गेली इंटेलच्याच आय३-१२१५यूकडे. याच्या घरात सहा कोअर, दोन थोरले आणि चार धाकटे. वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. यातला 'पर्यंत' फार कसलेला शब्द आहे. बस सुटत असेल तर मीही धावतो, चांगला धावतो. पुढे पाच मिनिटं दांडीला धरून धापा टाकतो, ते कुठल्या पत्रकात येत नाही. पातळ लॅपटॉपात कोंबलेल्या प्रोसेसरचंही तेच. तापला की चालायला लागतो.

हे सगळं मी एका तक्त्यात मांडलं. चौदा रकाने. जोडीला ब्राउझरमध्ये एकतीस टॅब उघडे. पंधरावा रकाना घालायला गेलो आणि जुना लॅपटॉप थिजला.

बायको मागे उभी होती. "या लॅपटॉपवर आजवर तू केलेलं सगळ्यात अवजड काम कोणतं?"

मी विचार केला. "हेच."

"मग नवा आल्यावर त्याच्यावर काय करणार?"

याचं उत्तर चौदा रकान्यांत कुठेच नव्हतं. त्याच संध्याकाळी रायझन ५ ७५३०यू घेऊन टाकला. सहा कोअर, तिसरा अंक ३. म्हणजे शर्ट नवा आणि आतला माणूस जुनाच, हे मला माहीत होतं. पण मी वय विचारून घेतला होता, एवढं समाधान.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यावरचा प्रोसेसरचा स्टिकर सोलून काढला. टाइप करताना मनगटाला टोचत होता म्हणे. मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत शोधला. तो सापडला लेकीच्या टेबलावर. जुना लॅपटॉप आता तिचा, आणि त्याच्या कोपऱ्यात तिने तो नखाने दाबून, अगदी सरळ रेषेत चिकटवला होता.

"बाबा, आता हा पण नवीन झाला."

तिसऱ्या अंकाचं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बटण दाबलं आणि अंघोळीला गेलो.