डब्यात ओतलेल्या तिखटाला बॅच नंबर नसतो

जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सने लाल तिखटाची एक बॅच बाजारातून परत मागवली. २०० ग्रॅमची पाकिटं, सगळी मिळून ४ टन. कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसा आदेश दिला होता. आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर भरपूर चर्चा झाली. स्वदेशी झालं, विदेशी झालं, "आम्ही बाबा घरीच कुटतो" झालं. बॅच नंबर कोणता, हे मात्र एकानेही विचारलं नाही. आणि रिकॉलचा, म्हणजे माल परत मागवण्याचा, सगळा खेळ त्या नंबराचाच आहे. नंबर जुळला तर पाकीट परत करायचं, नाही जुळला तर तिखट वापरायला हरकत नाही, इतकं ते सोपं असतं.

कायदा तसा धड आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम २८ आहे, त्यावर २०१७ साली रिकॉलचे वेगळे नियमही आले. कंपनीकडे लेखी योजना हवी, माल कुठल्या डीलरकडे गेला त्याची नोंद हवी, परत मागवायचं ठरलं की २४ तासांत सरकारला कळवायला हवं. कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानदाराला अशी योजना ठेवावी लागत नाही, त्याने फक्त माल बाजूला काढून परत द्यायचा. इथपर्यंत सगळं कागदावर असतं. पाकीट गल्ल्यावरून आपल्या पिशवीत पडलं की कागद संपतो.

मागे एका कंपनीची बिस्किटं अशीच परत गेली. आमच्या पसरकाराला, म्हणजे दुकानदाराला, विचारलं, तर म्हणाला, "सेल्समन आयलो, आशिल्लीं तीं पाकिटां व्हेलीं. विकलीं तीं विकलीं, बाय." म्हणजे सेल्समन येऊन उरलेली पाकिटं घेऊन गेला, विकली ती विकली. त्याचा काय दोष? कोणाला काय विकलं हे तो लिहून ठेवत नाही आणि आपण बिल मागत नाही. माझा राग कंपनीवर आहे. गोदामातला माल परत आला की त्यांच्या लेखी रिकॉल यशस्वी. दुकानाच्या दारावर मराठी-कोकणीत एक कागद चिकटवायला किती खर्च येतो? बॅच नंबर, कारण, पाकीट आणून द्या, पैसे घेऊन जा. चार ओळी. नव्या चवीचे वेफर्स आले की त्याच दारावर हातभर पोस्टर लागतं.

आता आपली बाजू. मे महिन्यात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची आपली पद्धत. मिरची, कोकमाची सोलं, गूळ, सुकी मासळी, सगळं सुटं घ्यायचं आणि बरण्या भरायच्या. त्या काळी मिरची हरमल गावची की खोल्याची हे ठाऊक असायचं, कितीदा तर विकणारीचं घरही ठाऊक असायचं. काही बिघडलं तर पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिला गाठून हिशेब मागता येई. आता त्याच बरणीत दुकानातलं पाकीट ओततो, तळाशी जुनं उरलेलं असतं त्यावरच, आणि पाकीट कचऱ्यात. म्हणजे विकणारीची ओळखही नाही आणि बॅच नंबरही नाही. पाकिटाचा छापील तुकडा, ज्यावर बॅच, तारीख आणि १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो कात्रीने कापून बरणीच्या झाकणाला आतून चिकटवा. बरणी रिकामी करून, पुसून मगच नवं भरा. घरात हसतील, हसू देत.

सुट्या मालाला रिकॉल कसा लागू होणार, हे गोव्याने २०१८ च्या जुलैत पाहिलं. मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बोंब झाली, मग मर्यादेत आहे असं सांगितलं गेलं, मग लोकांनी विचारलं की प्रेत टिकवायच्या द्रव्याला मर्यादा कसली, आणि शेवटी सरकारने परराज्यातून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. बंदी पुढच्या गाड्यांवर. आधीच्या गाडीतली बांगडे-इसवण दुपारच्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, जाऊनही झाली होती. ती कोण परत मागवणार?

दुसऱ्या टोकाला मॅगी. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने शिसं आणि लेबलच्या कारणावरून सगळी मॅगी परत घ्यायला लावली. हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. मजा अशी की मॅगीचा एक कारखाना आपल्या डिचोलीत, आणि आपल्या एफडीएला, म्हणजे गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, गोव्यातल्या नमुन्यांत काही गैर सापडलं नव्हतं. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, एफएसएसएआयने कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या म्हणून. नव्या तपासण्या पार पडल्या आणि नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात. एवढं रामायण झाल्यावर रिकॉल म्हटलं की लोक म्हणतात, "सोड रे, मॅगीचं काय झालं बघितलंस ना?" हे मला सर्वांत घातक वाटतं. एक प्रकरण कोर्टात टिकलं नाही म्हणून पुढचं प्रत्येक खोटं ठरत नाही.

तसंच रिकॉल म्हणजे विषच, असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवला, इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनासाठी. (गोंयकाराने हुमणाचा मसाला पाकिटातला का घ्यावा, हा प्रश्न मी दुसऱ्या पोस्टसाठी ठेवते.) तिथल्या खात्याने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की थोड्या प्रमाणात खाल्लं तर लगेच धोका नाही, पण हे पोटात जितकं कमी जाईल तितकं बरं. आपल्या खात्यांनी असं सरळ बोलावं. आपल्याकडे एक तर मौन, नाही तर छापा टाकल्याचे फोटो.

नंबर जुळला तर "वास तर बरा येतोय" म्हणून चाखून बघू नका. शिशाला वास नसतो आणि ते उकळून जात नाही. कामवाल्या बाईला किंवा मांजरालाही देऊ नका. पाकिटासकट दुकानात परत द्या. बाहेरदेशी कितीतरी रिकॉल फक्त एवढ्यासाठी होतात की आत शेंगदाणा किंवा दूध आहे आणि लेबलवर लिहिलेलं नाही. ज्या घरात काजूची किंवा सुंगटांची (कोळंबीची) अ‍ॅलर्जी असलेलं पोर आहे, त्यांना हे सांगायला नको.

शंका आली आणि कुणीच दाद देत नसेल तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार करा, नाही तर बांबोळीला एफडीएत जा. त्याच अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून अन्न तपासून घेऊ शकतं, दोष निघाला तर फी परत मिळते. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. म्हापशाच्या बाजारात उभं राहून हे वाक्य कोण म्हणणार आणि म्हटल्यावर माल कोण देणार, हे कायदा लिहिणाऱ्याला विचारायला हवं.

तुमच्या गावातल्या दुकानावर रिकॉलचा कागद लावलेला कधी पाहिलात का? फोटो असेल तर खाली टाका. काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुठलाही चालेल.