मॅडमनी शिकवलं काय, ते कोणी बोललंच नाही

आत्ताच घरी आलेय, साडीपण बदललेली नाही, पण आधी हे लिहून टाकते नाहीतर रात्रभर डोकं भणभणत राहील. आज आमच्या मॅडमचा सेवापूर्ती समारंभ होता. शाल झाली, श्रीफळ झालं, सन्मानपत्राचं वाचन झालं, सूत्रसंचालकाच्या चारोळ्या झाल्या आणि मग एकामागून एक सगळे वक्ते तेच बोलून गेले. घर सांभाळून. सासूबाईंचं आजारपण सांभाळून. मुलांचे डबे सांभाळून. एक साहेब तर मॅडमच्या हातच्या पुरणपोळीवर इतका वेळ बोलले की मागे चहावाला ताटकळला. अहो पण मॅडम शिकवायच्या काय? एकानेही सांगितलं नाही.

मला तिथे बसल्या बसल्या सारखी जाकलीन द रोमिली आठवत होती. आमच्या बॅचच्या लोकांना माहितीये कोण ते. मॅडम वर्गात ते लायब्ररीचं जाड पुस्तक घेऊन यायच्या ना, थुसिडिडीस आणि अथेन्सचा साम्राज्यवाद, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेलं, त्याची फ्रेंच लेखिका. थुसिडिडीस म्हणजे अथेन्सच्या युद्धाचा इतिहास लिहिणारा प्राचीन ग्रीक इतिहासकार. टीवायला पाश्चात्य राजकीय विचार म्हणजे प्लेटोपासून सुरू, पेपरात तेवढंच येणार, तरी मॅडम त्याच्या आधी थुसिडिडीस घ्यायच्या. सिलॅबसमध्ये नाही, मार्क नाहीत, काही नाही.

त्यांचा तो मितिलिनीचा तास आठवतोय का कोणाला? इ.स.पू. 427. मितिलिनी या अथेन्सच्या ताब्यातल्या ग्रीक शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि आता शिक्षा काय द्यायची यावर अथेन्सच्या सभेत चर्चा. मॅडमनी क्लेऑन नावाच्या पुढाऱ्याचं भाषण असं वाचलं, असं वाचलं की मागच्या बाकावरची सगळी पोरं हात वर करून मोकळी, मारा सगळ्या पुरुषांना. मॅडम काही बोलल्याच नाहीत. पुस्तक मिटलं आणि गेल्या.

आता रोमिलीबद्दल गुगल करून बघा. पहिल्या दहा ओळींत काय दिसतं? 1930 साली फ्रान्समधल्या देशपातळीवरच्या शालेय स्पर्धेत मुलींना पहिल्यांदा बसू दिलं आणि हिने लॅटिनमध्ये पहिलं, ग्रीकमध्ये दुसरं बक्षीस मारलं. 1973 मध्ये कॉलेज द फ्रान्स या पॅरिसच्या नामांकित संस्थेतली पहिली स्त्री प्राध्यापक. 1988 मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आलेली दुसरी स्त्री, म्हणजे 1635 पासून चाललेल्या संस्थेत दुसरी! पहिली, पहिली, दुसरी. बरं, ठीक आहे, ते दरवाजे उघडणं छोटी गोष्ट नव्हती, मान्य. पण त्या दरवाजातून ती आत काय घेऊन गेली ते कोण सांगणार?

मी सांगते. बाप 1914 मध्ये युद्धात मेला, ही तेव्हा जेमतेम वर्षाची. आईने कादंबऱ्या लिहून, खस्ता खाऊन वाढवलं, आणि त्या आईनेच हिच्या हातात थुसिडिडीस दिला. पुढे वडील ज्यू म्हणून जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने शिकवायला बंदी केली, युद्धाची वर्षं लपतछपत गेली. आणि 1947 मध्ये प्रबंध कशावर? एक लोकशाही शहर साम्राज्य कसं होतं आणि मग ते साम्राज्य त्याच्या हातातून सुटता सुटत नाही यावर. अथेन्सचा नेता पेरिक्लीस म्हणतो आपलं साम्राज्य जुलमी सत्तेसारखंच आहे, घेणं कदाचित अन्याय असेल पण आता सोडणं धोक्याचं. काही वर्षांनी तो क्लेऑन, ज्याला सगळे शिव्या घालतात, तोही सभेत उभा राहून जुलमी सत्ता हेच म्हणतो. माणसं बदलली, हाव तीच. जर्मन बुटांखालच्या देशात राहून हे लिहिणारी बाई, तिच्याबद्दल आपण काय सांगतो तर "पहिली महिला". संताप येतो मला.

(कोणीतरी येईलच सांगायला की रोमिली ग्रीकांच्या जरा जास्तच प्रेमात होती, अथेन्समध्ये गुलाम होते, बायकांना मत नव्हतं. हो, होती. पुढे.)

तर तो तास. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि क्लेऑनला विरोध करणारा डायोडोटस वाचला. तुम्हाला वाटेल हा दयेची भीक मागतो, नाही, तो म्हणतो न्याय-अन्याय बाजूला ठेवा, मारण्यात आपला फायदा काय ते बघा. सभेचं मत थोडक्यात फिरलं, कत्तल थांबवायला दुसरी बोट सुटली. पहिली बोट आदल्या दिवशीच मारायचा हुकूम घेऊन निघालेली, पण असलं काम घेऊन जाताना वल्ही मारायला कोणाला हुरूप येणार. दुसऱ्या बोटीवरचे वाईन आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्ही मारता मारताच खात होते, पाळीपाळीने झोपत होते. पोचले तेव्हा तिथल्या सेनापतीने हुकूम नुकताच वाचलेला. वर्गात टाळ्या वाजल्या. आणि मॅडमचा आवाज चढला, पहिल्यांदाच. टाळ्या कसल्या वाजवताय, बंडाचे सूत्रधार म्हणून हजारावर माणसं तरीही मारली, पुढचं पान वाचा. आणि अकरा वर्षांनी अथेन्सने मेलोस बेटावरचे सगळे पुरुष मारले, तिथे तर दुसरी बोट गेलीच नाही.

सन्मानपत्रात हे कुठे होतं?

मॅडम स्वतः स्टेजवर हसत होत्या म्हणा. त्यांना बहुतेक वाईट वाटलंही नसेल, त्या तशा नाहीतच. मीच उगाच आग पाखडतेय का? असेन. पण रोमिलीनेच म्हातारपणी म्हटलंय, त्याचा आशय असा, की जर्मनांच्या काळात ज्यू असणं, शेवटी एकटं पडणं, डोळे जवळपास गेलेले, मूल नाही, घरचं कोणी नाही, यात काय एवढं मोठं; पण शिक्षिकेचं आयुष्य मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मला हवं तसंच मिळालं. 2010 मध्ये 97 व्या वर्षी गेली ती. तिला घर कसं सांभाळलं विचारायची सोयच नव्हती. लग्न 1973 मध्ये मोडलेलं, त्याच वर्षी कॉलेज द फ्रान्स. आपल्याकडे अशा बाईचा सेवापूर्ती समारंभ असता तर वक्ते काय बोलले असते, मला खरंच बघायचंय.

असो. राग उतरला थोडा. ज्यांच्याकडे मॅडमच्या तासाच्या वह्या असतील त्यांनी फोटो काढून कमेंटमध्ये टाका. माझी वही आईने रद्दीत दिली. निदान मेलोसचा तास कोणीतरी आठवून लिहा, मी त्या दिवशी गैरहजर होते आणि नंतर पुस्तकातून वाचलं तरी मॅडमनी त्यात काय सांगितलं ते मला अजून हवंय. आणि "मॅडम किती साध्या होत्या" अशी कमेंट आली तर डिलीट करणार, आधीच सांगते.