प्रश्नांची यादी बॅगेतच राहू द्या

एथ्नोग्राफीच्या, म्हणजे लोकांत मिसळून त्यांचं जगणं समजून घेण्याच्या अभ्यासाच्या, नवख्या विद्यार्थ्याकडून आधी वीस-पंचवीस प्रश्न लिहून घ्यायचे आणि मग त्याला मुलाखतीला पाठवायचं, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. हातात यादी असली की तो उत्तर ऐकत नाही, पुढचा प्रश्न शोधतो. समोरच्याच्याही ते लक्षात येतं, मग तोही फॉर्म भरल्यासारखा दोन-दोन वाक्यांत उरकतो. तासाभराच्या मुलाखतीला पाच-सहा मुद्दे चिठोऱ्यावर लिहिलेले पुरतात.

सुरुवात वर्णनाने करा. ‘कामाबद्दल काय वाटतं?’ याला ठोकळेबाज मत मिळतं. ‘काल कामावर आल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगा’ म्हटलं की माणसं, जागा, वस्तू, कुरबुरी सगळं आपसूक येतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ मध्ये अशा प्रश्नांना ‘ग्रँड टूर’, म्हणजे सगळीकडून फिरवून आणणारी सैर, म्हटलं होतं. त्या वर्णनात येणारे समोरच्याचे स्वतःचे शब्द टिपायचे. समजा कोणी म्हणालं, ‘तो अजून कच्चा आहे.’ इथे ‘म्हणजे अननुभवी ना?’ असं विचारलंत की संपलं. समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो आणि तुमचाच शब्द त्याचं मत म्हणून प्रबंधात जातो. ‘कच्चा कोणाला म्हणता? पक्का झाला हे कशावरून ओळखता?’ असं विचारा.

‘का’ जपून वापरा. ‘असं का केलंत?’ ऐकलं की माणूस सफाई द्यायला लागतो. ‘हे कसं घडत गेलं?’ विचारलं की घटना सांगतो. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात पाचपर्यंत मोजा. (शिक्षकी पेशातल्यांना हे सगळ्यात जड जातं.)

रेकॉर्डिंगची परवानगी घ्याच, पण दहा सेकंदांची चाचणी ऐकूनही बघा. पंख्याखालची मुलाखत नंतर कळत नाही. रेकॉर्डर बंद केल्यावर दारात उभं राहून सांगितलेलं बहुधा मोलाचं असतं, पण ते वापरायचं तर पुन्हा परवानगी विचारायला हवी.

आणि शब्दांकन. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून हल्ली ते सरळ सॉफ्टवेअरला देतात. पहिल्या तीन मुलाखती तरी स्वतः उतरवा. आपल्या ओळी वेगळ्या रंगाने रंगवा, म्हणजे आपण कुठे वाक्य तोडलं, कुठे एका दमात दोन प्रश्न विचारून सोप्याचंच उत्तर पदरात घेतलं, हे कागदावर दिसतं. तो कागद घेऊन त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा जा.