रोहित ठेवा, कचरा पुसा

आत्ताच फोन ठेवला आणि डोकं फिरलंय. शहरातल्या एका प्रदर्शनासाठी कायगाव टोक्याकडचा नाथसागरचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फोटो दिला होता. निरोप आला, "रोहित पक्षी मस्त आलेत. खालचा कचरा तेवढा पुसून द्या, मराठवाड्याची उगाच बदनामी होते."

बदनामी फोटोनं होते काय हो?

फोटो मे 2019 चा. जायकवाडी मृतसाठ्यात गेलेलं. पाणी पार आत सरकलं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून आपण वर्षानुवर्षं ‘सोडलेलं’ सगळं वर आलं होतं. गणपतीचे हात, तसबिरींच्या काचा, दहाव्याला टाकलेल्या गाद्या, गुटख्याच्या पुड्या. तिथं एक काका जाळं शिवत बसले होते. "कशाचा फोटू काढायलात?" म्हटलं, पक्ष्यांचा. त्यांनी जाळं वर धरलं. डोकं जाईल एवढं भोक. "ह्याचा काढा की. गणपतीच्या सळईनं फाडलंय."

आता सांगा, यातलं काय पुसू? जाळं की भोक?

इंग्लंडात डरहमच्या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणींची राड वर्षानुवर्षं समुद्रात ढकलली. ईझिंग्टनची खाण 1993 ला बंद पडली, पुढं किनारा साफ केला, तरी सीहॅमकडं त्याचे लालसर डाग अजून दिसतात. लोक मुद्दाम तेच डाग टिपायला जातात. तिथं कुणाची अब्रू जात नाही. आपली मात्र एका प्लास्टिकच्या पिशवीनं जाते. आणि हेच पाणी आपल्या नळाला येतं, तेही आठवड्यातून एकदा आलं तर!

हो, आता विसर्जनाला हौद ठेवतात. प्रदर्शनाला माणसं चार सुंदर गोष्टी बघायला येतात, हेही मान्य. बरं.

चिडून लिहायला बसलो खरा, पण ते भोक काही डोळ्यापुढून हलत नाही. कारण दहाएक वर्षं आमच्या घरचा गणपती मीच तिथं नेला. प्लास्टरचा, आत सळई असलेला. मोटारसायकलवर मागं बायको, तिच्या मांडीवर मूर्ती, आणि सोबत निर्माल्याची पिशवी. पिशवी गाठ मारूनच फेकायचो, निर्माल्य इकडंतिकडं होऊ नये म्हणून. काकांना हे सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

फोटो परत मागवलाय. खाली टाकतोय, काहीही न पुसता. उजव्या कोपऱ्यात निळं जाळं दिसेल, ते त्यांचं.